टीव्हीवरचा नसाब

३ फेब्रुवारी, सोमवार

पत्रा फोडला! म्या आधीच सांगितलं होतं त्या नेटवाल्या मानसाले — वाशावर पाय ठेव, पत्र्यावर ठेवू नको. हो काकू, हो काकू करत चढला अन् धाडकन पाय आत. मी खाली चुलीपाशी, अन् डोक्यावर त्याचा पाय लोंबून राह्यला. धरून खाली ओढावं वाटलं.

"काकू, पत्रा बदलून देतो."

"नाई दिला त तुह्या डब्ब्यासकट तुले नाल्यात टाकीन."

हे सारं भारतचं खूळ. माहा पोरगा. मायले म्हने, याडी, बिनावायरचं नेट घेऊन पाहू, एक महिना फुकट आहे, नाई पटलं त ते लोक काढून नेतात. छतावर उंच पाइप ठोकला, त्याच्या टोकाले विटेएवढा पांढरा डबा. त्याचं तोंड मारेगावच्या टावरकडं. टावर दिसाव म्हनून लिंबाची मोठी फांदी कापली. भारतच्या बापानं, सेवादासनं, त्यावर शिव्या दिल्या — शेळ्या कुठं बसतील? भारत म्हने शेळ्यायले नेट दाखवतो. मंग बापलेकाची जुंपली. म्या दोघाईच्या मधात घमेलं आपटलं तवा थांबले.

घरात दुसरा डबा. त्यावर हिरवा लाईट लागला की नेट आलं.

आमचा तांडा खोलगट जागेत. फोन लावाचा त पान्याच्या टाकीवर चढा. अर्धा तांडा टाकीवरून सासरच्या पोरीशी बोलते, त सगळ्या घरची भांडनं सगळ्याले पाठ. आता आमच्या घरातलं तरी टाकीवर जानार नाई.

४ फेब्रुवारी

वानरं आले. एक पाइपाले लटकून डबा हलवून राह्यलं. गोटा हानला. लागला बरोबर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज शीलाले टीव्हीवर पाह्यलं. माही पोरगी, केळापूरच्या बाजूच्या तांड्यात दिली, तीन वर्सं झाले. भारतनं फोन लावला अन् ते चित्र टीव्हीवर घेतलं. एवढं मोठं अन् एवढं साफ तोंड तिचं म्या लग्नातबी पाह्यलं नवतं. आजवर फोनवर दिसे त नुसते चौकोन, अन् "हॅलो हॅलो" करत कटून जाय.

सून रुपी, भारतची बायको, बोलली, "शीलाबाई किती वाळल्या."

वाळली ते पाह्यलंच म्या. पन मले कान दिसला. डाव्या कानाची पाळी फाटलेली. खाली मानेपर्यंत काळंनिळं. तिनं ओढनी ओढली, पन तवर पाह्यलं होतं.

"कानाले काय झालं?"

"म्हशीनं शिंग मारलं, याडी."

"म्हैस कधी घेतली तुमी?"

गेलं चित्र. भारत म्हने नेट गेलं. नेट कायचं जाते? डब्ब्यावर हिरवा लाईट चालू होता. तिनंच बंद केलं.

७ फेब्रुवारी

सेवादास म्हने, "नवरा-बायकोचं असते. नको पडू मधात." त्याचं ताट उचलून शेळीले टाकलं. जेव म्हटलं आता नवरा-बायकोत.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी शीलानंच फोन केला. रोहिदास — जावई — कापसाच्या जिनिंगवर गेलता. सासू दारात बसली होती, पन तिले कमी ऐकू येते. शीला आतल्या खोलीत. एकदम खाली आवाजात बोलून राह्यली.

पाठ दाखवली. म्या टीव्हीले हात लावला, जशी काई तिची पाठ आहे. जिनिंगच्या मशीनीचा पट्टा घरी आनून ठेवला त्यानं. त्यानंच मारते. कान हातानं ओढला, बाळीसकट.

मंग तिनं फोन खाली वाकवला. बाजेखाली पेट्रोलची कॅन. निळं झाकन. तोंडाशी भरलेली.

"तो म्हनते, तुह्या तांड्यातून कोनी आलं त तुले पेटवीन, अन् स्वयंपाक करता जळली म्हनून सांगीन. याडी, तुमी येऊ नका. भारतले पाठवू नका."

भारत लाल झाला होता. पोलिसात जाऊ म्हने. शीला नको म्हने — पोलीस येतील, विचारतील, जातील. मंग मी त्याच्याच घरात ना?

हे तिनं काई रडून नाई सांगितलं. सामान सांगाव तसं सांगितलं.

मी बाहेर आली अन् कुऱ्हाड घेऊन लिंबाची ती कापलेली फांदी फोडत बसली. सगळी फोडली. हाताले फोड आले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबूसिंग नायकाकडं गेली. तांड्याचा नायक, त्याच्या सबुदाले दुसऱ्या तांड्यात मान आहे. म्हटलं, नसाब बसवा. पंचाईत बसली अन् ठराव झाला त आपले पाच जन हक्कानं जातील. मंग त्याईच्या नायकाले पोरगी आपल्या हाती द्याव लागते, तशी चालच आहे. ठरावाबिगर गेले त नुसती मारामारी, अन् तो तिकडं कॅन उघडून बसंल.

नायक खाटेवर पान चघळत. "पोरगी कुठं आहे?"

"त्याच्या घरात. ती इथं असती त तुह्याकडं कायले आली असती?"

"जमनी, रीत काय आहे? जिले त्रास आहे तिनं पंचापुढं उभं राहून तोंडानं सांगितलं पाह्यजे. उद्या त्याईचे पंच विचारतील — तुमच्यापुढं बोलली का? काय सांगू मी? तिच्या मायनं सांगितलं म्हनू?"

"टीव्हीवर उभी करते न."

नायकाची बायको, मानीबाई, खदखदून हसली. नायक हसला नाई. म्हने, "टीव्हीतली पोरगी खरी कायवरून?"

"तिच्या लग्नात तू दारू पिऊन तिच्या गळ्यात पडून रडला, नायकबा. तोंड ओळखू नाई येनार तुले?"

मानीबाईचं हसू थांबलं. नायक पान थुकाले उठला. परत येऊन म्हने, "बाया नसाबात बसत नाईत."

"डब्ब्याचं नेट माह्या घराच्या बाहेर जात नाई. नसाब माह्याच घरी बसंल. मंग मी कुठं जाऊ? लिंबावर?"

शुक्रवार ठरला. सकाळी, रोहिदास जिनिंगवर असते तवा. दुपारी तो जेवाले घरी येते. त्याच्या आत आटपाचं. चार वेळा सांगितलं नायकाले.

१३ फेब्रुवारी

घर सारवलं. रुपीनं सतरंज्या आनल्या. शीलाले कळवलं. तिनं नुसता एक अंगठा पाठवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल लिहाले जमलं नाई. आज लिहिते. काल झालं ते.

पंचाले सकाळी बोलावलं. एक आला त दुसरा नाई. नायकाच्या हाताखालचा कारभारी शेतात पानी सोडून आला. मंग चहा. मंग पान. मंग त्याईच्यात बोलनं — टीव्ही केवढ्याचा, पांढरा डबा पावसात टिकते का. माह्या मस्तकाची शीर तडतडून राह्यली. शीलाचा मेसेज आला, लवकर. पुन्हा आला, लवकर. म्या म्हटलं, बसा आता, नाई त एकेकाच्या पेकाटात लाथ घालीन. कारभारी म्हने, "सेवादास, बायकोले आवर." सेवादास म्हने, "तू आवरून पाह्य." पैल्यांदा तो माह्या बाजूनं बोलला.

ऊन डोक्यावर आलं तवा फोन लागला. शीला दिसली. उभी, डोक्यावर ओढनी, भिंतीले टेकून. म्हातारे पंच पाहतच राह्यले. एकानं टीव्हीले राम राम घातला.

"बोल पोरी," म्या म्हटलं.

पन नायक उभा झाला. नसाबाची सुरवात तशी होत नाई न! आधी नायक हात जोडते, मोठ्या आवाजात पंचाची परवानगी मागते, देवाचं नाव घेते, अन् पंच सगळे मिळून "हां" म्हनतात. त्याशिवाय नसाब मोडीत. अशी रीत. मी त्याचं धोतर ओढत होती — नायकबा, हळू, हळू! तो डोळे मिटून. आयुष्यभर लिंबाखाली बसून केलेलं काम त्याचं. घरात मानूस आहे का टीव्हीत, त्याले फरक नाई.

"हां!" म्हटलं पंचायनी. चौदा-पंधरा गडी. पत्रा हलला.

तो आवाज तिकडं फोनमधून निघाला.

शीलानं मागं पाह्यलं. दार उघडलं. रोहिदास जेवाले आलता.

"कोन आहे? कोनाले बोलते?"

तिनं फोन पाठीमागं लपवला. आमच्यापुढं टीव्ही काळा झाला. मंग एक आवाज आला, लाकूड तुटल्यासारखा. तो तिच्या जबड्याचा. तवा कळलं नाई. फोन खाली पडला, अन् आमाले दिसलं छत, अन् फिरनारा पंखा. मधूनच शीलाचे केस आडवे जात होते, केसाले धरून ओढत होता तिले. पट्ट्याचे आवाज. ती ओरडली नाई. ओरडत नाई ती, लहानपनापासून.

कोनी हललं नाई. टीव्ही पाहून राह्यल्यासारखे पाहत होते. मीबी.

मंग कॅनचं झाकन पडल्याचा आवाज आला. टप.

तवा भारत उठला. अन् मंग सगळे जवान गडी. मोटरसायकली निघाल्या, धूळ घरात आली. पन केळापूर काय इथं आहे? दिसते एवढ्या जवळ, अन् जाले तासावर.

नायक टीव्हीपुढंच राह्यला. त्याले वाटे आपन तिथंच आहो. काठी आपटून ओरडला, "रोहिदास! मी बाबूसिंग नायक बोलतो! पंच पाहून राह्यले तुले! हात खाली घे!"

पंखा गेला अन् रोहिदासचं तोंड आलं. फोन उचलला त्यानं. एवढं मोठं तोंड, टीव्हीभर. घामानं चमकून राह्यलं होतं. त्याले आमी दिसलो. नायक, तीन म्हातारे पंच, सेवादास, मी, मागं रुपी. तो पाहतच राह्यला. चोरानं कंदील पाहाव तसा.

म्या म्हटलं, "पेटव. सगळे पाहून राह्यलो. पेटव, कुत्र्या."

काहून बोलली तशी, माहीत नाई. खरंच पेटवली असती त? पन त्याचा हात खाली गेला. त्यानं फोन भिंतीवर मारला. काळं.

डब्ब्याचा हिरवा लाईट चालूच होता. नायकानं त्याच नेटवरून तिकडच्या नायकाले फोन लावला. सांगितलं — नसाब झाला, माह्या पंचायनी डोळ्यानं पाह्यलं, पोरगी जिवंत पाह्यजे. ते लोक धावले, दार तोडलं. शीला पेट्रोलनं भिजलेली, कोपऱ्यात. माचीस रोहिदासच्या मायनं पदरात लपवली होती. तेवढं तरी केलं म्हातारीनं.

भारत पोचला तवा त्याईच्या लोकांनी रोहिदासले खांबाले बांधलं होतं. भारतनं बांधलेल्याचाच पाय मोडला. बरं केलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यवतमाळच्या दवाखान्यात शीलाचा जबडा तारेनं बांधला. दोन दात गेले. रोहिदास पोलिसाच्या पहाऱ्यात, पाय पलस्तरात. भारतचंबी नाव कागदात घेतलं पोलिसायनं. घेऊ दे.

शीला घरी आली. केसाले अजून पेट्रोलचा वास. रुपीनं तीन वेळा धुवून दिले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मानसं येऊन राह्यले. बाजूच्या तांड्याचेबी. सगळ्यायले टीव्ही दाखवा, डबा दाखवा. भारत सांगते कसा पाय मोडला. सांगते त दरवेळी एक काठी जास्त पडते. म्हातारे पाठ थोपटतात — असा भाऊ पाह्यजे. रुपी चहा करून करून थकली.

तो पत्रा फोडनारा नेटवाला फोन करून विचारते, काकू, नेट पटलं का? ठेवाचं का काढाचं? म्या म्हटलं, काढाले आला त तुहा पाय आता मीच मोडीन. आधी पत्रा लाव.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मानसं गेल्यावर भारत म्हने, अजून एक चहा. रुपी म्हने, दूध संपलं. मंग भांडी घासता घासता बोलली, फार मोठ्यानं बी नाई —

"शीलाबाईले मारलं त पंच बसले. मले मारते तवा टीव्ही बंद असते."

भारत उठला. डब्ब्याची उरलेली केबल खुंटीले होती, काळी, जाड. त्यानं मारलं. पाठीवर, हातावर. पाच-सहा. माह्या हातात पेजेची वाटी होती, शीलाले चमच्यानं पाजून राह्यली होती. म्या म्हटलं, "बस भारत, पुरे." वाटी खाली नाई ठेवली. उठली नाई.

रुपीबी ओरडली नाई.

शीलानं पेज गिळली नाई. तोंडातून खाली आली.

२१ फेब्रुवारी

रुपी गेली. सकाळच्या गाडीनं, कळंबकडं, बापाच्या तांड्यात. भाकरी करून ठेवल्या होत्या. भारत म्हने येईल दोन दिवसात, जाईल कुठं.

मीबी तेच म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

स्वयंपाक माह्यावर आला. भाकरी करपली. सेवादासनं तशीच खाल्ली, तेच लागलं मले.

दुपारी डोळा लागला होता. घान वासानं उठली. शीला — जिले उठून पानी पिनं होत नाई — ती चुलीपुढं बसली होती. केबल चुलीत घालून राह्यली होती, एकेक वेटोळं. काळा धूर. डोळ्यातून पानी.

"काय करते हे?"

बांधलेल्या दातातून बोलली. कळाले वेळ लागला मले. म्हने, "तू पाह्यलं, याडी. मीबी पाह्यलं."

भारत आला, ओरडला, कोनं जाळली? म्या म्हटलं, म्या. त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् हात उचलल्यासारखा केला, अन् मंग केसातून फिरवला. माहाच पोरगा. म्या दूध पाजलं याले.

२५ फेब्रुवारी

झोप नाई. रोहिदासची मायबी दारातच बसली होती. सगळं ऐकत असंल. कमी ऐकू येते म्हने.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी भारतचा फोन टीव्हीवर वाजला. घरात नायक होता, दोन-चार मानसं होती. भारतनं सगळ्यायच्या समोर उचलला. रुपी. उभी. मागं तिचा बाप, अन् त्याईच्या तांड्याचे पंच ओळीनं बसलेले. त्याईचा नसाब झाला होता सुरू. तिनं पाठ फिरवली, पदर काढला. केबलचे वळ, पिकलेले. त्याईच्या नायकानं भारतले विचारलं नाई. म्हने, घरात जमनीबाई होत्या, जमनीबाई सांगतील. मारलं का नाई?

भारत कानाशी म्हने, "याडी, पडली म्हन."

म्या म्हटलं, "मारलं. माह्यापुढं मारलं. मी उठली नाई."

भारतनं डब्ब्याची वायर उपटली. पन तवर माहं बोलनं तिकडं गेलं होतं.